व्हीलचेअरवर खांदा, मनगट, पाठ दुखते? आधी मोजपट्टी काढा

मणक्याला मार बसल्यावर पहिली काही वर्षं सगळ्यांचं लक्ष पायांकडे असतं. घरच्यांचं, डॉक्टरांचं, आपलं स्वतःचंही. हातांची चौकशी कोणी करत नाही, कारण हात चालत असतात. मग एके दिवशी वरच्या फळीवरचा डबा काढताना खांद्यात चमक निघते आणि त्या रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. माझं असं झालं तेव्हा व्हीलचेअरवर आठवं वर्ष चालू होतं. दवाखान्यात सांगितलं गेलं, "पंधरा दिवस हाताला पूर्ण विश्रांती द्या." मी नुसता बघत राहिलो. माझ्या हाताला विश्रांती म्हणजे मी पंधरा दिवस अंथरुणात. खुर्ची ढकलायची हातांनी, पलंगावर सरकायचं हातांनी, कमोडवर बसायचं ते हातांनीच.

हा लेख त्यानंतरच्या वर्षांत फिजिओथेरपिस्टकडून, इतर व्हीलचेअरवाल्यांकडून आणि स्वतःच्या चुकांतून जमा झालेला आहे. मी डॉक्टर नाही. तपासणीला पर्याय म्हणून तो वाचू नका. पण तपासणीला जाण्याआधी आणि तिथून आल्यावर घरी जे करायचं असतं, ते बरंचसं यात आहे.

खांदाच का दुखतो, ते थोडक्यात. मांडीचं हाड कमरेच्या खोबणीत खलातल्या बत्त्यासारखं खोल बसलेलं असतं, वजन पेलण्यासाठी. दंडाचं हाड मात्र बशीत लिंबू ठेवावं तसं उथळ खाचेवर टेकलेलं असतं. हात सगळीकडे फिरावा म्हणून ही रचना. त्या लिंबाला जागेवर धरून ठेवतात ते भोवतालचे चार छोटे स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे टेंडन. आपण या सांध्याकडून पायाचं काम करून घेतो. म्हणूनच वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये हातांनी खुर्ची चालवणाऱ्यांपैकी ३० ते ७० टक्के लोक खांदेदुखी सांगतात. त्याखालोखाल मनगट, मग मान आणि पाठ.

अमेरिकेतल्या पक्षाघातग्रस्त माजी सैनिकांच्या संघटनेने २००५ साली डॉक्टर-थेरपिस्टांसाठी हात वाचवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा गाभा तीन गोष्टींत मावतो: तेच काम किती वेळा करता, किती जोराने करता, आणि करताना सांधा कुठल्या कोनात असतो. मी त्याला "तीन आकडे" म्हणतो. पुढचं सगळं हे तीन आकडे खाली आणण्याबद्दल आहे. गोळी यातला एकही आकडा बदलत नाही, म्हणून ती शेवटी येते.

पायरी १: दुखण्याची जात ओळखा

सगळं दुखणं स्नायू-सांध्यांचं नसतं. स्नायू, सांधे, दोऱ्या यांचं दुखणं हालचालीशी बांधलेलं असतं. ठरावीक हालचाल केली की कळ येते, थांबलं की कमी होते, दाबलं की ठरावीक जागा दुखते, संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो. नसांचं दुखणं वेगळं. जिथे नीट स्पर्शही कळत नाही त्या पायांची आग आग होते, विजेचा झटका बसल्यासारखं होतं, पांघरूण लागलं तरी सहन होत नाही, आणि हालचालीशी त्याचा फारसा संबंध नसतो. त्याची औषधं वेगळी, उपाय वेगळे. हा लेख पहिल्या प्रकारासाठी आहे. बऱ्याच जणांना दोन्ही एकत्र असतात, तेव्हा डॉक्टरांना दोन्ही वेगवेगळे करून सांगा.

हातातल्या मुंग्यांचाही अर्थ असतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होतं आणि हात झटकल्यावर बरं वाटतं, तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता मोठी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर कोपराकडे बघा. आर्मरेस्टच्या कडक कडेवर कोपर टेकवून तासन् तास मोबाइल बघणाऱ्यांना हे होतं.

आता ज्या खुणा दिसल्या की वाचन बंद करून दवाखाना गाठायचा, त्या:

- मणक्याचा मार छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकू लागलं, चेहरा-मानेवर घाम आला, रक्तदाब चढला. आधी ताठ बसा, पट्टे आणि कपडे सैल करा, लघवीची नळी मुडपली आहे का बघा, आणि ताबडतोब मदत मागा. हे जिवावर बेतू शकतं.
- एकच पाय सुजला, गरम लागतो, रंग बदलला. रक्ताची गुठळी असू शकते. किंवा हाड मोडलेलं असू शकतं. न वापरलेल्या पायांची हाडं ठिसूळ होतात, साध्या सरकण्यातही मोडतात आणि दुखतही नाहीत.
- मांडीचा सांधा सुजून कडक झाला, पाय पूर्वीसारखा दुमडत नाही, बारीक ताप आहे.
- पूर्वी चांगल्या असलेल्या हाताची ताकद कमी होत चालली, बधिरपणा वर सरकतोय. मणक्याच्या आत पाणी साठत असू शकतं.
- डाव्या खांद्यात-हातात दुखतंय, सोबत छातीत दाब, घाम, धाप. हे खांद्याचं नाही, हृदयाचं समजा.

पायरी २: सात दिवसांची वही

शाळेची दोनशे पानी वही चालेल. दिवसभरात खुर्चीतून बाहेर आणि परत किती वेळा झालं, त्याच्या काड्या मारा. पलंग, कमोड, आंघोळीची खुर्ची, गाडी, सोफा, सगळं. हात खांद्याच्या वर किती वेळा गेला, तेही. आणि प्रत्येक कामाला ० ते १० पैकी किती दुखलं तो आकडा. थेरपिस्ट व्हीलचेअरवाल्यांच्या खांदेदुखीसाठी पंधरा रोजच्या कामांची एक प्रश्नावली वापरतात. त्यात चढ चढणं, पाठ धुणं, डोक्यावरून सदरा घालणं, गाडीत खुर्ची टाकणं, झोपणं अशी कामं असतात. आपली वही म्हणजे तिचीच घरगुती बहीण.

माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी बावीस चढ-उतार निघाली. आधी कोणी विचारलं असतं तर मी आठ-दहा सांगितली असती. त्यातली सहा निव्वळ आळसाची होती: चार्जर पलंगाजवळ, टीव्हीचा रिमोट सोफ्यावर, म्हणून मी तिकडे. वस्तू हलवल्या, सहा कमी झाल्या.

पायरी ३: खुर्ची मोजा

इथे घाई करू नका. बहुतेक दुखण्याचं मूळ इथेच सापडतं. शिबिरात किंवा दुकानात मिळणारी घडीची खुर्ची बहुतेक वेळा १८ इंच सीटची असते आणि तिचं वजन १७ ते २० किलोंच्या घरात जातं. ती रुग्णाला वॉर्डातून एक्स-रेपर्यंत नेण्यासाठी ठीक आहे. रोज दहा तास त्यात राहायचं, तर ती तुमच्या मापाची करून घ्यावी लागते. मोजपट्टी, कुशन आणि मदतीला एक माणूस घ्या.

*रुंदी.* नेहमीच्या कपड्यांत बसा. मांडी आणि बाजूच्या पत्र्यामध्ये पंजा सपाट सरकला पाहिजे, त्याहून जास्त जागा नको. सडपातळ माणसाच्या कुल्ल्यांची रुंदी १४-१५ इंच आणि सीट १८ ची, म्हणजे दोन्ही हात पंखासारखे बाहेर फाकवून ढकलावं लागतं. शिवाय माणूस एका बाजूला कलून बसतो आणि वर्षभरात पाठ वाकडी होते. खुर्ची बदलता येत नसेल तर दोन्ही बाजूंना कडक फोमचे ठोकळे भरून कंबर मधोमध ठेवा. हात फाकवण्याचा त्रास याने जात नाही, पण कलणं थांबतं.

*खोली.* पाठ पूर्ण मागे टेकवल्यावर गुडघ्यामागची खाच आणि सीटची पुढची कड यांत दोन ते तीन बोटांचं अंतर हवं. सीट जास्त लांब असेल तर गुडघा कडेला अडतो आणि अंग हळूहळू पुढे घसरतं.

*सीटची झोळी.* रेक्झिनची सीट काही महिन्यांत झोळीसारखी खाली जाते. मांड्या आत वळतात, कंबर मागे गुंडाळली जाते, पाठीला पोक येतं, हनुवटी पुढे येते. आता याच पोकात बसून हात वर करून बघा. मग ताठ बसून करून बघा. फरक तिथल्या तिथे कळतो: पोक काढून बसलं की खांद्याच्या वरच्या हाडाखाली दोरी चिमटली जाते. म्हणजे खांद्याचं दुखणं कधी कधी बुडाखालून सुरू झालेलं असतं. कुशनखाली मापात कापलेली प्लायवूडची फळी घाला. कडा घासून गोल करा, वर फळीला कापड लावा. फक्त फळीवर कधीही बसू नका, तिच्यावर चांगलं कुशन हवंच. ज्यांना बुडाला स्पर्श कळत नाही त्यांनी फळी घातल्यावर पहिला आठवडा रोज रात्री आरशात त्वचा बघावी. लालपणा अर्ध्या तासात गेला नाही, तर फळी काढून थेरपिस्टला दाखवा.

*फूटरेस्ट.* फार खाली असेल तर पाय लोंबकळतात आणि अंग पुढे ओढलं जातं. फार वर असेल तर गुडघे वर येतात आणि सगळा भार बसण्याच्या दोन हाडांवर पडतो. मांडी कुशनला सगळीकडे सारखी टेकली पाहिजे. उंची जुळत नसेल तर फूटरेस्टवर लाकडी ठोकळा बांधा.

*खुर्चीची पाठ.* स्वतः ढकलणाऱ्याच्या आणि धडाचा तोल चांगला असलेल्याच्या खुर्चीची पाठ खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाखाली थांबावी. उंच पाठीमुळे फरा अडतो आणि हात मागे जात नाही. तोल नसेल तर मात्र उंच पाठ लागते. इथे शेजाऱ्याचं बघून कमी करू नका.

*मागच्या चाकाची जागा.* तिन्ही आकड्यांवर एकाच वेळी परिणाम करणारी ही एकच गोष्ट. बसून हात खाली सरळ सोडा. बोटांची टोकं चाकाच्या मधल्या आसाच्या आसपास यायला हवीत. मग पंजा रिमवर, म्हणजे चाकाबाहेरच्या ढकलायच्या कड्यावर, अगदी वरच्या बिंदूला ठेवा. कोपराचा कोन १०० ते १२० अंशांत हवा, म्हणजे काटकोनापेक्षा थोडा उघडा. कोपर काटकोनापेक्षाही जास्त दुमडत असेल, तर तुम्ही फार खाली बसला आहात आणि प्रत्येक ढकलीला खांदे कानांकडे जातात. हात जवळजवळ सरळ होत असेल, तर फार उंच बसला आहात आणि रिमचा लहानसाच तुकडा हाती लागतो. कुशन किंवा फळी बदलली की हे पुन्हा तपासा.

चाक शरीराच्या मागे असेल तर हात मागे ताणावा लागतो आणि पुढच्या छोट्या चाकांवर वजन पडून खुर्ची जड वाटते. आस जितका पुढे तितकी खुर्ची हलकी वळते, पण मागे उलटण्याची भीतीही वाढते. साध्या घडीच्या खुर्चीत आस हलवता येत नाही. नवी घेताना हा पहिला प्रश्न विचारा: "मागचं चाक पुढे-मागे आणि वर-खाली लावता येतं का?" आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन कंपनीची निओफ्लाय खुर्ची अंगाचं माप घेऊन बनवली जाते. इतर कंपन्यांच्याही अशा खुर्च्या मिळतात. महाग आहेत, मान्य.

*टायर आणि पुढची चाकं.* फुकटात होणारं काम. हवेच्या टायरवर कडेला दाब छापलेला असतो, दर आठवड्याला तितका भरा. मऊ टायर म्हणजे दिवसभर ओल्या वाळूत चालणं. पुढच्या चाकांच्या आसात केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, महिन्यातून एकदा काढा. मग सपाट फरशीवर एक ढकल देऊन हात सोडा. खुर्ची दर वेळी एकाच बाजूला ओढली जात असेल, तर तिला सरळ ठेवण्यासाठी तुमचा एक खांदा रोज जास्तीचं काम करतोय. दुखणारा खांदा तोच निघाला तर नवल वाटून घेऊ नका.

पायरी ४: ढकलण्याची रीत

ताशी चार किलोमीटरने एक किलोमीटर जायला पाव तास लागतो. सेकंदाला एक ढकल धरली तर ९०० ढकली. ढकल लांब करून सव्वा सेकंदाला एक केली, तर त्याच अंतराला ७२०. एका किलोमीटरमागे खांद्याची १८० कामं वाचली.

कोणी तुमच्या उजव्या हाताला उभं राहून चाकाकडे घड्याळ म्हणून बघितलं, तर रिम साधारण अकरावर पकडा आणि दोनपर्यंत न्या. मग सोडा. सोडल्यावर हात रिमच्या खाली आपोआप पडू द्या आणि खालून झुलवत मागे आणा, पाळण्यासारखा. बरेच जण रिमच्या कडेकडेनेच हात पुढे-मागे करतात, छोट्या छोट्या थापा मारत. त्यात ढकली वाढतात आणि प्रत्येक थाप मनगटाला बसते. हात रिमला लागण्याआधीच चाकाच्या वेगाने फिरत असावा, आपटू नये. अंगठा आतल्या टायरवर दाबू नका.

सवय बदलायला साधारण महिना जातो. मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढून घ्या. आपण काय करतो आणि काय करतो असं वाटतं, यांत बरंच अंतर असतं.

पावसाळ्याचं वेगळं. ओल्या रिमवरून हात सटकतो म्हणून आपण मूठ आवळतो, आणि दोन दिवसांत मनगट बोलू लागतं. अर्ध्या बोटांचे सायकलचे हातमोजे दोन जोड ठेवा, एक वाळत असताना दुसरा. काही जण रिमला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळतात. पकड छान येते, पण उतारावर ब्रेक लावताना हात भाजतो. मी एकदा भाजून घेतला आहे.

पायरी ५: खुर्चीतून पलंगावर आणि परत

खांद्यावर सर्वांत जास्त भार या क्षणी येतो. त्यामुळे इथे मी क्रम देतो, तो तसाच पाळा.

1. आधी उंची. कुशन दाबलं गेल्यावर जमिनीपासून किती, आणि गादी दाबली गेल्यावर किती, दोन्ही मोजा. अनेक खुर्च्या कुशनसकट २० इंचांच्या आसपास भरतात आणि आपले दिवाण १५-१६ इंच. म्हणजे रोज सकाळी चार इंचांचा घाट. पलंगाच्या पायांखाली सुताराकडून लाकडी ठोकळे बसवून घ्या, खाच पाडून, नुसत्या विटा नकोत. दोन्ही उंच्या सारख्या झाल्या पाहिजेत.
2. खुर्ची पलंगाला तिरकी, ३० ते ४५ अंशांत लावा. ब्रेक लावा. त्या बाजूचा आर्मरेस्ट काढा. पाय जमिनीवर.
3. सीटवर पुढे या, म्हणजे मधे येणारं चाक ओलांडावं लागणार नाही.
4. हात शरीराजवळ. पंजा सपाट टेकवून मनगट पूर्ण मागे मोडण्यापेक्षा गादीची किंवा खुर्चीची कड बोटांनी पकडा, नाहीतर मूठ टेकवा.
5. पुढे वाका आणि डोकं ज्या बाजूला जायचं त्याच्या उलट न्या. डोकं डावीकडे खाली गेलं की बूड उजवीकडे हलकं होतं. खांद्याने उचलायचं ते धडाच्या वजनाने उचलायचं, ही यातली खुबी. तोल कच्चा असेल तर पहिले काही दिवस समोर कोणीतरी हवं.
6. एका उडीत जाण्याचा हट्ट नको. दोन-तीन छोट्या सरकींत जा.

शक्य असेल तेव्हा बाजू बदला, एकदा डावा हात पुढे, एकदा उजवा. आमच्या घरी पलंग भिंतीला लागून होता, त्यामुळे बारा वर्षं एकच हात पुढे. पलंग दोन फूट सरकवला एवढंच.

सरकण्याची फळी वापरण्यात कमीपणा मानू नका. आठ-नऊ इंच रुंद, अडीच फुटांच्या आसपास लांब, कडा घासलेली, पॉलिश केलेली प्लायवूडची फळी गल्लीतला सुतारही करून देईल. जाडी तुमचं वजन सांगून ठरवा आणि पहिल्यांदा बसताना दोघांना उभं ठेवा. उघडी ओली त्वचा फळीवर चिकटते आणि सोलते, म्हणून आंघोळीनंतर मधे पंचा.

पायरी ६: बूड हलकं करण्याची जुनी सवय

बेडसोर टाळण्यासाठी दर १५ ते ३० मिनिटांनी बुडावरचा दाब काढायला आपल्याला शिकवलेलं असतं. बऱ्याच जणांना दोन्ही हातांवर अंग उचलायला शिकवलं गेलं. दाब नीट उतरायला साधारण दोन मिनिटं लागतात, आणि हातांवर दोन मिनिटं कोण तरंगणार? वीस सेकंदांत आपण खाली येतो. त्वचेला पुरेसं मिळत नाही आणि खांद्याला फुकटची शिक्षा.

त्याऐवजी पुढे वाकून छाती मांड्यांकडे न्या, किंवा टेबलावर डोकं टेकवा, आणि दोन मिनिटं तशीच राहू द्या. नाहीतर एका बाजूला झुका, मग दुसऱ्या. पुढे वाकण्याआधी खुर्ची थोडी मागे घेऊन पुढची छोटी चाकं पुढच्या बाजूला वळवा, म्हणजे ती तोंडावर उलटत नाही.

पायरी ७: घर

रोज लागणारी प्रत्येक वस्तू कंबर आणि खांदा यांच्या मधे आणा. चहा-साखरेचे डबे, औषधं, देवघरातली काडेपेटी, विजेची बटणं. स्वयंपाकाचा ओटा उभ्या माणसासाठी बांधलेला असतो. बसून पोळ्या लाटणाऱ्या बाईचे खांदे तासभर कानाशी चिकटलेले राहतात. ओटा फोडायची गरज नाही. ३० इंचांच्या आसपास उंचीचं, खाली गुडघे जातील असं टेबल आणि त्यावर इंडक्शन शेगडी, एवढ्यानं बरंच भागतं. गरम पातेलं मांडीवर घेऊन खुर्ची ढकलू नका. मांडीला चटका कळत नाही.

उंबरठ्याला सुताराकडून तिरकी लाकडी पट्टी. उतरत्या रॅम्पला नियम एकास बारा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सोसायटीचे लोक पायऱ्यांवर सिमेंट ओतून "रॅम्प केला" म्हणतात, तो बहुधा एकास चार असतो आणि तो चढताना खांद्याचं काय होतं ते त्यांना दिसत नाही. मोजपट्टी घेऊन बैठकीला जा. भांडणापेक्षा आकडा लवकर पटतो.

पायरी ८: व्यायाम

ढकलून ढकलून छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू दणकट पण आखूड होतात आणि पाठीमागचे ढिले पडतात. म्हणून व्यायामाचं सूत्र असं: पुढचे ताणायचे, मागचे घडवायचे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात खांदा दुखणाऱ्या पॅराप्लेजिक (दोन्ही पाय लुळे, पण हात चालणाऱ्या) लोकांना बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा घरी असा व्यायाम आणि चढ-उताराची, ढकलण्याची सुधारलेली पद्धत दिली. त्यांचं दुखणं सुमारे एक तृतीयांशावर आलं. महागडी यंत्रं त्यात नव्हती.

दाराच्या चौकटीत खुर्ची उभी करा. कोपरापासून हात चौकटीला टेकवा, कोपर खांद्यापेक्षा किंचित खाली. छाती हळूच पुढे, ३० सेकंद, तीनदा. ताण छातीत जाणवावा. खांद्याच्या टोकाला कळ आली तर हात आणखी खाली घ्या.

मग सायकलची ट्यूब खिडकीच्या गजाला छातीच्या उंचीवर बांधा. दोन्ही टोकं धरून कोपरं मागे ओढा, पाठीवरचे दोन्ही फरे एकमेकांकडे आणा, हळूहळू सोडा. त्यानंतर कोपर काटकोनात, कोपर आणि बरगडी यांत नॅपकिनची गुंडाळी धरून पंजा बाहेरच्या बाजूला ओढा. ही हालचाल लिंबू बशीत धरून ठेवणाऱ्या स्नायूंची आहे, त्यामुळे हलकाच ताण घ्या. दोन्ही ८ ते १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. करताना दुखणं दहात तीनपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असेल तर ट्यूब सैल करा.

जिममधले डोक्यावर वजन उचलण्याचे आणि दोन बारवर अंग खालीवर करण्याचे प्रकार दुखऱ्या खांद्याला वर्ज्य. तिथला ट्रेनर उत्साही असतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

मानेच्या खालच्या मणक्यांना मार लागून बोटं चालत नसलेल्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. मनगट वर केल्यावर बोटं आपोआप मिटून तुमची पकड तयार होते. मनगट आणि बोटं दोन्ही एकाच वेळी मागे ताणली, तर ही पकड कायमची ढिली पडते. मालिश करणाऱ्यालाही हे आधी सांगून ठेवा.

पाठीसाठी, त्वचा आणि श्वास ठीक असेल तर, रोज १५-२० मिनिटं पालथं झोपणं. दिवसभर काटकोनात बसलेल्या कमरेला सरळ होण्याची तेवढीच संधी.

दुखणं चालू असताना

दुखऱ्या खांद्यावर पहिले काही दिवस भार कमी करायचा, पण हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही. न हललेला खांदा गोठतो. चढ-उतार निम्म्यावर आणा, ढकलायला कोणाला तरी घ्या, दोन आठवडे अभिमान बाजूला ठेवा. झोपताना दुखरी बाजू वर, त्या हाताखाली उशी.

शेकायचं असेल तर जिथे गरम कळतं तिथेच. गरम पाण्याची पिशवी चुकून मांडीवर किंवा कमरेशी राहिली आणि भाजलं, की दोन-दोन महिने पालथं पडून राहावं लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असेक्लोफेनॅक या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून महिनोन् महिने खाऊ नका. लघवीचा जुना त्रास असलेल्या आपल्यासारख्यांची किडनी आधीच जपायची असते. पॅरासिटामॉल तुलनेनं सौम्य, पण मर्यादेत आणि डॉक्टरांना विचारूनच. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की काही आठवडे बरं वाटतं. त्या काळात पायरी ३ ते ८ पूर्ण करा, नाहीतर दुखणं परत येतं.

दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल, किंवा हात वर उचलताच येत नसेल, तर पुनर्वसन वैद्यक किंवा अस्थिरोग तज्ज्ञ गाठा. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही हा विभाग असतो. साध्या एक्स-रेत हाड दिसतं, दोरी दिसत नाही. दोरी फाटली का ते सोनोग्राफी किंवा एमआरआय सांगते. मुंग्यांसाठी नसांची तपासणी वेगळी होते. सोबत वही न्या, स्वतःच्या खुर्चीत जा, आणि "जरा मला या टेबलावर चढताना बघा" असं सांगा. तपासणी टेबल उंच असतं, तेच पुरेसं बोलतं.

शस्त्रक्रिया सुचवली तर पहिला प्रश्न हाच विचारा: "नंतर किती आठवडे मला या हातावर भार देता येणार नाही, आणि तेवढे दिवस मला कोण उचलणार?" तारीख ठरवण्याआधी याचं उत्तर घरी तयार हवं.

मोटरबद्दल एक. हातांची खुर्ची सोडून बॅटरीची घेणं म्हणजे हरणं, असं मला फार वर्षं वाटायचं. आता माझ्याकडे खुर्चीला पुढून जोडायचं मोटरचं चाक आहे. बाजार, बँक, दवाखाना त्यावर, आणि घरात हात. त्यातून जे खांदे वाचतात ते मी पलंगावर चढायला खर्च करतो.

आणि जो माणूस तुम्हाला उचलतो, त्याची कंबर. आईने, बायकोने, भावाने तुम्हाला काखेत हात घालून ओढू नये. त्यात तुमचा खांदा निसटू शकतो आणि त्यांची कंबर धरते. फळी वापरा, त्यांनी गुडघे वाकवून कमरेच्या पट्ट्याला धरावं, तुम्ही पुढे वाकावं, आणि "एक, दोन, तीन" तुम्ही म्हणावं, त्यांनी नाही. आमच्याकडे हे मोजणं बायको करायची तेव्हा ती दोनलाच ओढायची.